क्रुसोची गोष्ट, फ्रायडेच्या तोंडून, कोकणातल्या बेटावर

जुनी कादंबरी दुसऱ्या पात्राच्या तोंडून नव्याने लिहायची, तर मूळ कादंबरी हक्कमुक्त, म्हणजे कॉपीराइट संपलेली हवी. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. १७१९ची ‘रॉबिन्सन क्रुसो’ खुशाल घ्या.

वहीत दोन रकाने आखा: डावीकडे मूळ प्रसंग, उजवीकडे तेव्हा फ्रायडे, म्हणजे क्रुसोचा बेटावरचा सोबती, कुठे होता. तो क्रुसोला भेटतो बेटावरच्या पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यामुळे आधीचा काळ सगळा तुमचा. पुष्कळांचं घोडं इथेच पेंड खातं: क्रुसोच्या मनातलं फ्रायडेला आपसूक कळतं.

चमत्कार एकच, आणि त्याला किंमत हवी. बेटाला राखणदार द्या, म्हणजे जागेची राखण करणारा अदृश्य देवचार. मान चुकला की तो चकवा घालतो, वाट चुकवतो. कोकणातल्या आरवलीच्या ग्रामदैवताला, वेतोबाला, भाविक मोठाल्या वहाणा वाहतात, त्यावरून क्रुसोला वाळूत दिसलेल्या त्या एकट्या पावलाचं कोडं सोडवा: राखणदार एका पायाने अनवाणी आहे. मात्र पाऊल दिसलं तेव्हा फ्रायडे बेटावर नव्हता, म्हणून हे त्याला राखणदारानेच सांगायला हवं. पाऊल भरतीरेषेच्या वर उमटवा, नाहीतर पुढच्या भरतीत पुसलं जाईल. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. तिथी चुकली तर किनाऱ्यावरचा वाचक पुस्तक मिटतो.

मालवणी फक्त संवादात. निवेदनातही ओतलीत तर दहा पानांत दमछाक होते, वाचकाची आधी.