जुन्या भिंतीची ओल: सिमेंट उतरवा

ओल चढलेली जुनी भिंत दिसली की मी आधी बाहेर जाऊन जमीन बघतो. वर्षानुवर्षं भराव पडून ती जोत्याच्या वर आलेली असते, नाहीतर पन्हळीचं पाणी थेट पायाशी पडत असतं. ते आधी सुधारा. निम्म्या वेळा तथाकथित चढती ओल ही गळकी पन्हळच निघते!

खरी चढती ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते, साधारण मीटरभर, आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा म्हणजे जखमेवर प्लास्टिक. पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, ते आणखी वर चढतं. मीही उमेदवारीत ही चूक केली आहे.

सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, वीट फोडू नका. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर ते पुन्हा आत जातात. मग थांबा. जाड भिंत वाळायला महिने लागतात, कधी वर्षही. नंतर चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंट अजिबात नको. हा गिलावा क्षार स्वतःवर घेऊन झिजतो. काही वर्षांनी तो बदलायचा, वीट शाबूत राहते.