माळ्यावर सापडलेला कोरीव नकाशा: साल आणि कर्ता कसा ठरवायचा

साताऱ्याच्या पेठांमधला एखादा वाडा आवरताना किंवा सांगली-मिरजेकडच्या जुन्या घराचा माळा उपसताना गुंडाळलेला इंग्रजी नकाशा निघतो, आणि लगेच किमतीची चर्चा सुरू होते. किंमत राहू द्या. आधी साल ठरवा. नकाशावर छापलेलं साल तांब्याचा पत्रा कोरल्याचं किंवा नकाशा प्रथम प्रसिद्ध झाल्याचं असतं. त्याच पत्र्यावरून वीस-तीस वर्षांनीही प्रती निघत. म्हणून छपाई, कागद, मजकूर आणि नावं वेगवेगळी तपासायची, आणि त्यांतून सगळ्यांत उशिराचं जे साल निघेल ते त्या प्रतीचं धरायचं.

गुंडाळी मात्र घाईने उलगडू नका. मे महिन्यात कागद इतका कोरडा असतो की घडीवर तडकतो. पावसाळ्याच्या तोंडाशी, हवेत ओल आली की, एक-दोन दिवस नुसता खोलीत ठेवा. मग सपाट टेबलावर थोडाथोडा उघडा आणि कडांवर सुती कापडात गुंडाळलेली पुस्तकं ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नोंदी शिसपेन्सिलीने, पेन टेबलावर नकोच. सोनार वापरतात तसं दहा पटीचं भिंग, टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि मऊ ब्रश एवढी सामग्री पुरते.

खोली अंधारी करून टॉर्च कागदालगत आडवी धरा. तांब्याच्या पत्र्यावर नकाशा उलटा कोरत, खाचांत शाई भरून वरची शाई पुसत, मग ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढत. त्या दाबाने पत्र्याची कड कागदात उमटते: चित्राच्या चारही बाजूंनी एक उथळ चौकट दिसते आणि तिच्या आतला कागद बाहेरच्यापेक्षा किंचित गुळगुळीत असतो. आता भिंगातून डोंगररांगांच्या छटा पाहा. हाताने कोरलेली रेघ मध्ये जाड आणि टोकाला निमुळती होत जाते, शाईला अगदी बारीक उठाव असतो. दगडावरच्या छपाईत, म्हणजे लिथोत, शाई सपाट बसते. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची नक्कल, पुढचं काही तपासायला नको. चौकट नाही म्हणून नकाशा खोटा ठरवू नका. मोठे नकाशे तुकडे कापून कापडावर चिकटवत, तेव्हा कडा छाटल्या जात. उलट नकलेवर कोरा पत्रा दाबून खोटी चौकटही उठवता येते. निकाल रेघेवरून द्यायचा.

तांबं मऊ असतं. काही हजार प्रती निघाल्या की बारीक रेघा पुसट होतात आणि पत्रा पुन्हा कोरावा लागतो. ठळक अक्षरांशेजारी फिकट डोंगर दिसले, तर प्रत झिजलेल्या पत्र्यावरची आहे. १८२० नंतर पोलादी पत्रे आले. त्यांवरच्या रेघा फार बारीक, करड्या आणि एकसारख्या दिसतात.

नंतर कागद उजेडासमोर धरा. दाट आडव्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटीमीटरवरच्या उभ्या रेषा दिसल्या तर तो जुन्या पद्धतीचा जाळीवरचा हातकागद. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रेषा नसलेला एकसंध कागद रुळला. जलचिन्हात व्हॉटमनसारखं कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल सापडलं तर उत्तमच. छपाई त्या सालाच्या आधीची असूच शकत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. खरं वय कडांवर आणि घड्यांवर जास्त दिसतं. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो आणि पाठीमागे तपकिरी डाग उमटवतो. घडीच्या तड्यांत ताजा रंग शिरलेला असेल तर रंगकाम नंतरचं.

मजकुरात आधी रेखांश वाचा. सातारा आज ग्रिनिचपासून सुमारे ७४ अंश पूर्वेला. जुन्या नकाशांत शून्य रेखांश वेगवेगळ्या ठिकाणी धरत: पॅरिसपासून मोजलं तर ते ७१ अंश ४० कला येतं, अटलांटिकमधल्या फेरो बेटापासून ९१ अंश ४० कला. ग्रिनिचवर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं १८८४ साली. नकाशात सातारा ७१-७२च्या आसपास असेल तर मूळ फ्रेंच असण्याची शक्यता मोठी. अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक मनावर घेऊ नका. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून निघे, रेखांश काढणं मात्र त्या काळी अवघड काम होतं.

मग आपला मुलूख पाहा. कृष्णा ‘किस्तना’ अशी लिहिलेली असते. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१च्या सुमारास मिरजेहून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली. त्याआधीच्या नकाशात मिरज ठळक असते आणि सांगली बहुधा नसतेच. महाबळेश्वरी माल्कम पेठ दिसली तर नकाशा १८२८ नंतरचा. सातारचं राज्य वेगळ्या रंगात दाखवलंय की मुंबई इलाख्यात? ते खालसा झालं १८४८ साली. पुणे-मिरज लोहमार्ग असेल तर १८८०च्या दशकाच्या अखेरीकडे या. इथेच बहुतेकांची चूक होते. नकाशाकार एकमेकांची उचलेगिरी करत, त्यामुळे एखादी गोष्ट नसणं हा जुनेपणाचा पुरावा होत नाही. नवी गोष्ट असणं मात्र हमखास उशीर दाखवतं.

शेवटी नावं. खालच्या कडेला बारीक अक्षरांत ‘डेल.’ (del.) म्हणजे आरेखन करणारा, ‘स्कल्प.’ (sculp.) म्हणजे कोरणारा. प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख वेगळी. इंग्लंडमध्ये १७३५ पासून कोरीवकामाला कायद्याचं संरक्षण मिळालं, म्हणून ही तारीख छापत. पत्ता नीट उतरवून घ्या, कारण पत्रा विकला गेला की नुसता पत्ता खोडून नवा कोरत आणि तारीख जुनीच राही.

जेम्स रेनेलचं नाव दिसलं तर जरा थांबा. हा १७६७ पासून बंगालचा सर्व्हेयर जनरल, १७७७ मध्ये निवृत्त. त्याचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ साली लंडनमध्ये निघाला. मथळ्याभोवतीच्या चित्रात ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातली ब्रिटनची प्रतिमा, ब्राह्मणांकडून पोथ्या स्वीकारते आहे. पण त्याची मोजणी बंगाल-बिहारची. मराठी मुलखात त्याने मोजणीची साखळी टाकलेली नाही. इथला भाग त्याने इंग्रज सेनापती गॉडर्ड आणि फ्रेंच सेनापती बुसी यांच्या फौजांच्या कूचनोंदी आणि इतर माहिती जुळवून भरला. म्हणूनच फौजांच्या वाटांवर गावांची गर्दी आणि बाजूला मोकळा कागद असं दिसतं. ओळखीची साधी खूण: बाजूच्या अंशपट्टीवर एक अंश मोजा. १७८२च्या नकाशात तो सुमारे अडीच सेंटीमीटर भरतो, १७८८च्या मोठ्या आवृत्तीत ३.८. ओला छापलेला कागद वाळताना आकसतो, त्यामुळे एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. मग जुन्या नकाशांच्या डेव्हिड रम्सी संग्रहाच्या संकेतस्थळावरची प्रत उघडून पत्ता, तारीख आणि सह्याद्रीच्या रेघा शेजारी ठेवून ताडून पाहा.

जपणुकीत सर्वांत जास्त नुकसान घरच्या दुरुस्तीने होतं. सेलोटेप पिवळा पडून कागदात झिरपतो, लॅमिनेशन परत निघत नाही, फेव्हिकॉल कडक होतो आणि त्याच रेघेवर कागद मोडतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तेही जाणकाराकडून. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती रोजच त्याच्या वर असते. त्या दिवसांत फ्रेम बाहेरच्या भिंतीवर नको. काच आणि कागद यांच्यात आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट हवाच, नाहीतर काचेला घाम आला की शाई काचेला चिकटते. सपाट ठेवायचा असेल तर आम्लविरहित फोल्डर आणि त्यावर धुतलेलं सुती कापड. लाल खारव्याचं जाडंभरडं कापड नको, ते पहिल्याच ओलीत रंग सोडतो.

विकायचा असला तर १९७२चा पुरावशेष कायदा आधी पाहून घ्या. शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि दस्तऐवज असतील तर पंचाहत्तर वर्षांवरचे, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.