हॉट रॉडच्या मॉडेलचं इंजिन: प्लगच्या आठ तारा कशा ओढाव्यात

हॉट रॉडला, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेल्या वेगवान गाडीला, बहुतेक वेळा बॉनेट नसतं. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचं मॉडेल टेबलावर ठेवलं की बघणाऱ्याची नजर आधी इंजिनावर जाते, बॉडीच्या रंगाकडे नंतर. म्हणून अशा गाडीचा निम्मा वेळ मी इंजिनालाच देतो, आणि त्यातलाही मोठा वाटा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणारा भाग) आणि प्लगच्या तारांना.

खालचं सगळं १/२५ स्केल (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढं मॉडेल) आणि शेव्हरलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगांचं इंजिन) धरून सांगतो आहे. १९५५ साली आलेलं हे इंजिन हॉट रॉडमध्ये सर्रास दिसतं. भाग स्प्रूवरून (किटमधले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) कापणं, जोडरेषा घासणं, प्रायमर मारणं तुम्हाला येतं असं गृहीत धरतो.

ब्लॉकचे दोन अर्धे चिकटवा, सांधा घासून काढा, ब्लॉक आणि हेड (सिलिंडरच्या दोन रांगांवरची झाकणं) नारिंगी रंगवा. किटमधल्या भागांवरचं क्रोम घरगुती ब्लीचमध्ये बुडवलं की निघतं. टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर सोडून बाकी सगळ्यांवरचं काढून टाका. इनटेक मॅनिफोल्डला फिकट ॲल्युमिनियम रंग, वर काळ्या-तपकिरी रंगाचा पातळ वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग). एवढ्यावर ब्लॉक तयार.

एक मात्र आधीच करून घ्या. हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) चिकटवण्यापूर्वी दोन्ही हेडना प्लगची चार-चार भोकं पाडा. या इंजिनाचे प्लग एक्झॉस्टच्या तोंडांच्या जरा खाली बसतात. हेडर लागल्यावर तिथे ड्रिल पोहोचत नाही.

आता तारेची जाडी. इथे सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात. खऱ्या गाडीतली प्लगची वायर ७ ते ८ मिमी जाड असते. तिला २५ ने भागा: ०.२८ ते ०.३२ मिमी. तरीही जो तो ३० गेजची रॅपिंग वायर (इलेक्ट्रॉनिक्समधली प्लास्टिक आवरणाची बारीक तार) वापरा म्हणून सांगतो. तिच्या आतलं तांबं पाव मिलिमीटरचं असलं, तरी प्लास्टिकच्या आवरणासकट ती अर्ध्या मिमीच्या आसपास जाते. म्हणजे खऱ्या गाडीत साडेबारा मिमी, जवळजवळ करंगळीएवढी. अशा आठ तारा एकत्र आल्या की इंजिन दिसतच नाही, नुसता गुंता दिसतो. माझी पहिली दोन मॉडेलं अशीच बिघडली. शिवणाचा दोराही नको. त्याला बारीक केस सुटतात आणि वळण धरत नाही. मोटरच्या वाइंडिंगची ०.३ मिमीची एनॅमल केलेली तांब्याची तार घ्या. ती दिलेलं वळण सोडत नाही. ताणून सरळ करा आणि कापण्याआधीच काळ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. वळणावर रंग तडकला तर शेवटी ब्रशच्या टोकाने टिपून घ्या.

आता डिस्ट्रिब्युटरची टोपी. मला सर्वांत जास्त रडवलं ते या एका भागाने.

टोपी जेमतेम ४ मिमीची असते. तिच्यात नऊ भोकं हवीत: मधलं कॉइलच्या (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणाऱ्या भागाच्या) तारेचं आणि भोवती आठ. आठ भोकं ३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर घेतली, तर दोन भोकांच्या मध्यांत सुमारे १.२ मिमी अंतर मिळतं. भोक ०.३५ मिमीचं. दोन भोकांमध्ये प्लास्टिक उरतं एका मिमीहून कमी. ड्रिल थोडं सरकलं की एक भोक दुसऱ्याला भिडतं आणि सगळी टोपी वाया. पहिल्या इंजिनाला मी तीन ड्रिल मोडली, त्यातलं एक टोपीतच अडकून राहिलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. टोपी स्प्रूवरून कापायची नाही, स्प्रूच धरायची मूठ होते. रंगही नंतर. टोपीचा माथा बारीक पॉलिश पेपरवर एकदोनदा फिरवून सपाट करा, म्हणजे सुई घसरत नाही. सुईने आधी मध्य टोचा. मग अधिकच्या चिन्हासारखे चार ठिपके, मग त्यांच्या मधोमध उरलेले चार. ओळीने एकापुढे एक असे आठ कधीही टोचू नका. शेवटचा ठिपका पहिल्याच्या अंगावर येतोच येतो. भिंगातून बघा, आणि एक जरी ठिपका वाकडा वाटला तरी माथा घासून पुन्हा टोचा. इथे पाच मिनिटं गेली तरी चालतील.

ड्रिल पिन वाइसमधून (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायच्या मुठीतून) चार-पाच मिमीच बाहेर ठेवा. बोटांनीच फिरवा. इलेक्ट्रिक ड्रिल इथे आणूच नका: वेगाने प्लास्टिक वितळतं, ड्रिलला चिकटतं आणि ड्रिल तुटतं. दोन फेरे, बाहेर काढून भुसा झटका, पुन्हा दोन फेरे. दीड मिमी खोली पुरे.

भोकं टाळण्यासाठी बारीक नळीत नऊ तारा कोंबून तीच टोपी समजायची, असंही सुचवलं जातं. करू नका. तारा एका जुडीतून वर येतात, आणि टोपीवरचं ते सुटं, मोकळं कडं दिसतच नाही.

टोपी रंगवून वाळली की डिस्ट्रिब्युटर कापून कपड्यांच्या चिमट्यात उभा धरा. प्रत्येकी ६० मिमीच्या तारा घ्या आणि आधी टोपीकडचंच टोक चिकटवा. सुईच्या अग्रावर येईल तेवढाच सुपरग्लू पुरतो. जास्त झाला तर त्याच्या वाफेने क्रोमवर पांढरट धुकं चढतं. मी एकदा प्लगकडून सुरुवात केली होती. शेवटची तार टोपीत घालताना बाकीच्या ताणल्या गेल्या आणि डिस्ट्रिब्युटरच उपटून हातात आला.

कुठली तार कुठे जाते ते खऱ्या फायरिंग ऑर्डरवरून (सिलिंडर पेटण्याच्या क्रमावरून) ठरवा: १-८-४-३-६-५-७-२. सिलिंडर १, ३, ५, ७ डाव्या बाजूला, २, ४, ६, ८ उजव्या बाजूला. डावं-उजवं सीटवर बसून मोजायचं. वरून बघताना टोपीच्या पुढच्या-डाव्या अंगाचं भोक एक नंबरचं धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हा क्रम मोजत जा. टोपीच्या उजव्या अर्ध्यात ८, ४, ३, ६ येतात, डाव्यात ५, ७, २, १. म्हणजे फक्त ३ आणि २ नंबरच्या तारा पलीकडच्या बाजूला जातात, बाकी सहा आपापल्या बाजूलाच उतरतात. हे एकदा डोक्यात बसलं की आठ तारांची भीती जाते. आणखी एक: ५ आणि ७ हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून जाणता मेकॅनिक त्यांच्या तारा जवळून समांतर नेत नाही, नाहीतर एकीची ठिणगी दुसरीत उतरते. मॉडेलमध्येही त्या दोघींत अंतर ठेवा. ज्याने खरं इंजिन हाताळलं आहे, तो नेमकं तिथेच बघतो.

डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमध्ये बसवा आणि रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सर्वांत लांबच्या तारांपासून, म्हणजे १ आणि २ पासून, सुरुवात करा. ७ आणि ८ शेवटी. वळण बोटांनी देऊ नका, दीड मिमी ड्रिलच्या दांड्याभोवती द्या. तार थोडी सैल राहू द्या, कारण ताणलेली तार लगेच खोटी वाटते. प्लगच्या टोकावर वायरच्या आवरणाचा एक मिमी लांबीचा तुकडा ओवा, तो रबरी बूट. मग भोकात घालून चिकटवा.

पेट्रोलच्या नळीला हीच तार वापरू नका. खरी नळी साडेनऊ मिमीची, म्हणून इथे ०.४ मिमीची तार घ्या. शेजारी आल्या की फरक दिसतो. रेडिएटरच्या होजला दीड मिमी. फॅन आणि बेल्ट किटमधलेच चालतात.

शेवटी इंजिन चॅसीत उतरवायचं. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो, थेट फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीजवळ). ३२ च्या फोर्डमध्ये हे इंजिन बसवताना खऱ्या गाडीतही फायरवॉलला खोलगट जागा करतात. तुमच्या किटच्या फायरवॉलला ती नसेल, तर तारा लावण्याआधीच बॉडी आणि इंजिन कोरडं जोडून बघा, आणि टोपीच्या मागे तारा वळायला दोन मिमी तरी मोकळे राहतील इतकी फायरवॉल आतून कापून घ्या. कॉइलची मधली तार इंजिन जागेवर पक्कं बसल्यावरच जोडा.