अमेरिकेत केचप आणायचंय? आधी टोमॅटो पेस्टचा पीएच विचारा

आयईसी (भारतातला आयात-निर्यात कोड), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), एलसी (बँकेचं हमीपत्र) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितेय. केचप एचएस २१०३.२० या कस्टम्सच्या वर्गीकरण कोडखाली येतं हे कुठलाही कस्टम्स ब्रोकर सांगेल. नवा माणूस अडकतो ती जागा वेगळीच आहे. माझा पहिला कंटेनर न्यू जर्सीच्या बंदरावर तिथेच अडकला, म्हणून तेवढाच भाग मी जरा जास्त लांबवून सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याकडे, दोन वेगळ्या नोंदण्या असतात. पहिली कारखान्याची. अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवणाऱ्या जवळपास प्रत्येक परदेशी कारखान्याला ती लागते. ती फुकट होते, तिच्यासाठी अमेरिकेतला एजंट नेमावा लागतो आणि दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये तिचं नूतनीकरण करावं लागतं. दुसरी आहे एफसीई, म्हणजे डबाबंद पदार्थ बनवणाऱ्या कारखान्याची नोंदणी. ती हवाबंद डब्या-बाटल्यांतल्या दोनच प्रकारच्या पदार्थांसाठी असते: कमी आम्लाचे, आणि वरून आम्ल घालून टिकवलेले. एफसीई मिळाल्यावर प्रत्येक उत्पादनाची, बाटलीच्या प्रत्येक मापाची प्रक्रिया वेगळी दाखल करून एसआयडी, म्हणजे त्या दाखल प्रक्रियेचा क्रमांक, घ्यावा लागतो.

माझ्या पुरवठादाराकडे पहिल्या नोंदणीचं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. एफडीए असं प्रमाणपत्र कुणालाच देत नाही! ते खासगी सल्लागार छापतात आणि त्याचे पैसे घेतात. 'एफडीए अप्रूव्ड करून देतो' म्हणणाऱ्या माणसाशी पुढे बोलूच नका. केचपसारख्या पदार्थाला एफडीएची आगाऊ मंजुरी असा प्रकारच अस्तित्वात नाही.

मग केचपला एसआयडी लागतो का? कधी लागतो, कधी नाही. ते कशावर ठरतं हे नीट समजून घ्या.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्यात ४.६ ही रेघ आहे. त्याच्या वर, हवाबंद बाटलीत, बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, ४.६ किंवा त्याखाली ते वाढत नाहीत. टोमॅटो नेमका या रेघेच्या आसपास असतो. जात, पिकण्याची अवस्था, हंगाम यांनुसार त्याचा पीएच कधी ४.३ भरतो, तर कधी ४.७ सुद्धा. म्हणून टोमॅटोसाठी नियमाने ही रेघ ४.७ वर धरली आहे. पेस्ट मुळातच त्याच्या खाली असेल, तर व्हिनेगर चवीसाठी आहे आणि थोड्याशा कांदा-लसणाने पीएच फारसा हलत नाही. असे सॉस आम्लीकृत, म्हणजे वरून आम्ल घालून टिकवलेल्या, पदार्थांच्या नियमातून वगळलेले आहेत. पण पेस्ट रेघेच्या वर असेल आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाने ती खाली आणली असेल, तर केचप आम्लीकृत ठरतं. मग एफसीई, एसआयडी, जाणकाराने ठरवून दिलेली प्रक्रिया, प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक आणि ३ वर्षं जपलेल्या नोंदी, सगळंच लागतं.

खरी गोम पुढे आहे. तयार केचपचा पीएच दोन्ही बाबतींत ४ च्या खालीच येतो. आमच्याकडे लॅबचा ३.८ चा रिपोर्ट होता, आणि तो काहीच सिद्ध करत नव्हता. प्रश्न होता व्हिनेगर पडण्याआधीच्या पीएचचा, आणि तो आकडा कारखान्यात कुणी लिहूनच ठेवला नव्हता. माल तयार झाल्यावर तो परत मोजताही येत नाही. स्वस्त सॉसमध्ये भोपळ्याचा गर घालतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. भोपळा कमी आम्लाचा, त्यामुळे तिथे तर तो सॉस आम्लीकृतच ठरतो, वादाला जागाच उरत नाही.

माल अडवल्याची नोटीस आली की पुरावा द्यायला ठरावीक मुदत मिळते. पुरावा पटला नाही तर प्रवेश नाकारतात, आणि ९० दिवसांत माल अमेरिकेबाहेर न्यावा तरी लागतो किंवा नष्ट तरी करावा लागतो. तोवर गोदामाचं भाडं तुमच्या नावावर चढत राहतं.

घाबरू नका, हे आधीच सोडवता येतं, आणि फार खर्चातही नाही. न्यूयॉर्क राज्यात जिनीव्हाला कॉर्नेल विद्यापीठाचं फूड व्हेंचर सेंटर आहे, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातही असं काम चालतं. रेसिपी आणि सॅम्पल पाठवलं की पदार्थ कुठल्या वर्गात बसतो ते ते लेखी सांगतात. कारखान्याकडून पेस्टच्या प्रत्येक लॉटचा, आम्ल घालण्याआधीचा पीएच तारखेसह लिहून घ्या. हे दोन कागद हातात असतील तर रात्री झोप लागेल.

रेसिपीचं आणखी एक. अमेरिकन नियमात केचपची व्याख्या बांधलेली आहे: टोमॅटो, व्हिनेगर, गोडवा आणणारे पदार्थ, मसाले, कांदा, लसूण. घट्टपणासाठी स्टार्च किंवा डिंक त्या यादीत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत तो असतो. घट्टपणा टोमॅटोतूनच यावा लागतो, आणि त्याचंही माप आहे: घट्टपणा मोजायच्या बॉस्टविक उपकरणात २० अंश सेल्सिअसला ३० सेकंदांत केचप १४ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाहता कामा नये. कारखान्याला हे माप माहीत नसेल तर दुसरा कारखाना शोधा. कांदा-लसूण ऐच्छिक आहेत, त्यामुळे जैन केचपला अडचण नाही, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसलिन या भारतीय वस्तीच्या दुकानांत त्यालाच खरी मागणी आहे. साध्या केचपमध्ये हाइन्झशी टक्कर घ्यायला जाऊ नका.

एफएसव्हीपी, म्हणजे परदेशी पुरवठादाराच्या पडताळणीचा नियम, त्याबद्दल थोडक्यात. परदेशी पुरवठादार सुरक्षित माल देतो हे तपासण्याची जबाबदारी अमेरिकेतल्या आयातदाराची, म्हणजे तुमची, ब्रोकरची नाही. कागदपत्रांत तुमचं नाव आणि डन्स क्रमांक (कंपनीचा ओळख क्रमांक) जातो. विक्री सरासरी वर्षाला १० लाख डॉलरच्या आत असेल तर अतिलहान आयातदाराच्या सवलती मिळतात, त्या जरूर घ्या. समुद्रमार्गे माल येताना पूर्वसूचना पोचण्याच्या किमान ८ तास आधी द्यावी लागते, ते ब्रोकर करतो.

लेबल भारतातलंच चिकटवून पाठवू नका. आयएनएस २११ असा नुसता खाद्य-रसायनाचा क्रमांक लिहून चालत नाही. सोडियम बेंझोएट हे पूर्ण नाव आणि ते कशासाठी घातलंय हे इंग्रजीत छापावं लागतं. केचपमध्ये बेंझोएट टाळाच, वरच्या व्याख्येच्या यादीत तेही नाही. पोषणतक्ता अमेरिकन पद्धतीचा, वरून घातलेली साखर वेगळी दाखवलेला हवा. हिरवा ठिपका राहू द्या, गिऱ्हाईक तो बघतं.

सल्ला कुणाचा घ्यावा याबद्दल माझं मत ठाम आहे. वीस वर्षं तांदूळ आणि पापड आणणारे काका मायेने सांगतात, पण त्यांना एसआयडी कधी लागलेलाच नसतो. लोणचं किंवा चटणी बाटलीत आणणारा माणूस शोधा, त्याला जेवायला बोलवा आणि त्याची जुनी नोटीस बघायला मागा. स्वतःची अडचण दाखवायला जो तयार होतो त्याच्याकडूनच शिकायला मिळतं.

पहिली ऑर्डर पूर्ण कंटेनरची देऊ नका, दर कितीही खाली आला तरी. दुसऱ्याच्या मालासोबत काही पॅलेट आणा. उरलेली रक्कम माल जहाजावर चढल्यावर देण्याची अट सगळे घालतात; त्यात तुम्ही एक ओळ वाढवा, की तुमच्याच बॅचच्या पेस्टचा पीएच आणि तयार मालाचा बॉस्टविक आकडा मिळाल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. पुरवठादार कुरकुर करेल. माझ्याने पहिल्यांदा केली, आता तो ते दोन आकडे इनव्हॉइसच्या आधीच पाठवतो.