दीपगृह पाहायचं तर एकाच संध्याकाळी दोनदा पाहा

इतवारीत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर भिंगांत बसणारा माणूस सुट्टीत पुन्हा भिंगच पाहायला समुद्रावर जाऊन राहिला म्हटल्यावर घरचे हसले. पण आपल्या नागपूरकराला समुद्र कुठूनही लांबच. एवढं जायचंच तर नुसते पाय भिजवून काहून परतायचं?

मी रत्नागिरीचं दीपगृह निवडलं, इथे १८६७ पासून दिवा आहे. नागपूर-मडगाव गाडी मिळाली तर थेट रत्नागिरीला उतरा, नाहीतर मुंबईहून कोकण रेल्वे. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. दीपगृह रत्नदुर्ग किल्ल्याच्या भागात आहे. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी समुद्र. भगवतीचं देऊळ बालेकिल्ल्यात आणि दीपगृह दुसऱ्या टेकाडावर. बरेच लोक देवीचं दर्शन घेऊन तिथूनच परततात. तुम्ही दीपगृहाचा रस्ता वेगळा विचारून घ्या.

वेळ सांभाळा. दीपगृह हे चालू ठिकाण आहे, तिथली माणसं कामावर असतात. साधारणपणे दुपारनंतर, दिवा लागायच्या आधी थोडा वेळ लोकांना वर सोडतात. म्हणून आदल्या दिवशीच विचारून या, तिकिटाला सुटे पैसे ठेवा. पावसाळ्यात जाऊ नका. ओल्या जांभ्यावर पाय सरकतो आणि कड्याखाली थेट खडक आहेत.

वर पोचल्यावर सगळे धावतात सज्जाकडे, फोटो काढायला. तुम्ही आधी भिंग पाहा. आमच्या दुकानात जाड नंबराचं गिऱ्हाईक आलं की काच एवढी जड होते की नाकावर टिकत नाही. दीपगृहाची अडचण तीच, फक्त माणसाएवढी मोठी. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं जाड भिंगाच्या पोटातली फुकटची काच काढून टाकली आणि वळणदार पृष्ठभाग तेवढा कड्याकड्यांनी मांडला. १८२३ मध्ये असं भिंग फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहावर लागलं. नीट पाहिलं तर मधोमध गोल डोळा दिसेल आणि त्याच्याभोवती काचेची कडी. मधली कडी प्रकाश वाकवतात, वरखालचे लोलक तो आतल्या आत परतवून समुद्राकडे फेकतात. दिवसा भिंगाला पडदे का लावतात, तेही विचारा. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल ना? ऊन उलट्या वाटेनं आत शिरलं तर नेमकं दिव्याच्याच जागी गोळा होतं. काचेला बोट लावू नका, हे मी चष्मेवाला म्हणून सांगतो.

मग सज्जात जा. टोपी, ओढणी, मोबाइल सगळं आवरून. तिथले काका म्हणालेच होते, "वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा." मी मात्र खालच्या लाटा पाहायला कठड्यावरून वाकलो आणि चष्मा गेला. बायको म्हणाली, "चष्मेवाल्याचाच चष्मा गेला ना बाप्पा!" जादा चष्मा? तो नागपुरात, गल्ल्यात. तुम्ही दोरी लावून जा, चाळीस-पन्नास रुपयांत मिळते.

खाली उतरलात की लगेच हॉटेलवर पळू नका. अंधार पडल्यावर मोकळ्या, सपाट जागेवरून, कड्यापासून लांब राहून दिवा पाहा. फिरतं भिंग असेल तिथे दिवा उघडझाप करत नाही, भिंग फिरतं आणि झोत आपल्यावरून निघून जातो. किती सेकंदांनी किती झोत, ही लय शेजारच्या दीपगृहापेक्षा वेगळी ठेवतात. खलाशी ती मोजून नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. एका झोताला घड्याळ लावू नका, चूक होते. दहा फेऱ्यांचा वेळ घ्या आणि दहानं भागा. दिवा समुद्रापासून १०० मीटर उंच असेल तर पाण्याच्या पातळीवरून साधारण ३६ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. म्हणजे आपल्याकडे बर्डीवर दिवा लावला तर बुटीबोरीच्याही पुढून.

मला तर चष्म्याविना तो दिवा कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखा दिसत होता, पांढरा आणि विस्कटलेला. तरी दहा फेऱ्या मोजल्या. बायकोनं मोबाइलवर वेळ लावली होती, तिचा आकडा आणि माझा आकडा जुळला.