फाईलमधली डॉक्टरकी

फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, एमडी करत असताना, दुसऱ्या वर्षी, मेडिसिनच्या वॉर्डातून फोन आला. कार्बामॅझेपिन हे फिट्सवरचं औषध सुरू असलेल्या एका बाईंच्या तोंडात फोड आलेत, कातडी सोलवटतेय, येऊन बघून जा. बाई साठीच्या. पापण्या चिकटलेल्या, पाणीही गिळवत नव्हतं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, औषधाने होणारी कातडीची गंभीर रिॲक्शन. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत त्यांची सगळी औषधं होती आणि त्यात चार गोळ्यांचा एक तुकडा. केमिस्टने दहाची स्ट्रिप कात्रीने कापून दिलेली. बॅच नंबर आणि एक्सपायरी दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे दुकानात.

मी रिॲक्शनचा फॉर्म भरला आणि बॅच नंबरचा रकाना रिकामा ठेवला. आमच्या सरांनी तेवढ्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"हे का नाही?"

"सर, स्ट्रिप कापलेली होती."

"दुकान कुठलं ते विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या मुलाबरोबर स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेले. दुकानदाराने खालचा खण ओढून सुट्या तुकड्यांचा ढीग काउंटरवर ओतला आणि आम्ही तिघांनी मिळून नेमका तुकडा शोधला. रिॲक्शनचा बॅचशी संबंध नव्हता, ती त्या औषधाची ओळखीची रिॲक्शन आहे. पण संबंध नाही हे म्हणायलासुद्धा नंबर हातात लागतो, हे मला त्या काउंटरवर कळलं.

आता मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, आमच्याकडचं औषधांच्या दुष्परिणामांचं नोंद केंद्र बघते, माणसांवरच्या औषधचाचण्या तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत बसते आणि नव्या औषधांच्या फायली वाचायला अधूनमधून समितीवर बोलावणं येतं. दरवर्षी दोन-तीन इंटर्न येऊन विचारतात, "मॅडम, डॉक्टर होऊन एफडीएत जाता येतं का? वरपर्यंत जाता येतं का?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. एफडीए म्हणजे अन्नावर आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी अन्न व औषध प्रशासन.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. या कामात तुमचा रुग्ण तुम्हाला कधीच दिसत नाही. ओपीडीत चूक झाली तर पेशंट परत येतो, भांडतो, तुम्ही औषध बदलता. इथे एका सहीनंतर लाखो घरांत गोळी जाते. त्यातलं कोणीही तुमच्याकडे परत येणार नाही. म्हणून जे दिसत नाही ते मागून घेण्याची सवय हवी, आणि मागताना संकोच नको.

ही सवय काय करू शकते ते बघायचं तर फ्रान्सिस केल्सींची कारकीर्द नीट वाचा. अमेरिकेत 1937 साली सल्फानिलामाइडचं एक पातळ औषध बाजारात आलं. त्यात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरलेलं होतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. केल्सी तेव्हा शिकागो विद्यापीठात फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थिनी होत्या आणि त्या विषाचा छडा लावणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. 1938 मध्ये पीएचडी, त्यानंतर 1950 मध्ये एमडी. 1960 च्या ऑगस्टमध्ये त्या अमेरिकेच्या एफडीएत रुजू झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. झोपेचं औषध, युरोपात सर्रास चाललेलं. नवख्या माणसाला सोपी फाईल म्हणून दिलेली.

तेव्हाचा कायदा असा की एफडीएने 60 दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप बाजारात. केल्सी दर वेळी मुदतीच्या आत लिहून कळवत की माहिती अपुरी आहे, आणखी पाठवा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांचं छोटंसं पत्र आलं होतं, या गोळीने हातापायांना मुंग्या येतात म्हणून. ते वाचून त्यांनी कंपनीला विचारलं की हे तुम्ही आम्हाला का सांगितलं नाही. मज्जातंतूंना इजा होते, तर पोटातल्या गर्भाचं काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न. उत्तर नव्हतं. कंपनीची माणसं खेटे घालत राहिली, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. 1961 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतून बातमी आली की हातपाय नसलेली बाळं जन्मतायत. जगभर अशा बाळांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. अमेरिकेतही नमुना म्हणून डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांनी थोडी मुलं बाधित झाली, पण मोठा अनर्थ टळला. 1962 मध्ये कायदा बदलला आणि औषध सुरक्षित असण्याबरोबर ते गुणकारी असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला.

या सगळ्यात केल्सींनी कुठलाही शोध लावला नव्हता. त्यांनी रकाना रिकामा सोडला नाही. मला ही कारकीर्द इतकी जवळची वाटते ती यामुळे.

सर्वोच्च पदावर बसलेल्या डॉक्टरचं उदाहरण हवं असेल तर डेव्हिड केसलर. बालरोगतज्ज्ञ, आणि कायद्याचीही पदवी घेतलेले. 1990 ते 1997 अमेरिकी एफडीएचे आयुक्त, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात. 1991 मध्ये त्यांच्या लोकांनी संत्र्याच्या रसाचे हजारो डबे जप्त केले. रस आटवलेल्या अर्कापासून बनवला होता आणि डब्यावर 'फ्रेश' लिहिलेलं होतं. एका शब्दासाठी जप्ती! पुढे पाकिटांवर आज दिसतो तो पोषणमूल्यांचा तक्ता त्यांच्याच कारकिर्दीत सक्तीचा झाला, आणि डॉक्टरांनी दुष्परिणाम कळवावेत म्हणून 1993 मध्ये मेडवॉच सुरू झालं. 1996 मध्ये त्यांनी तंबाखूला एफडीएच्या नियमांखाली आणलं. 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते नियम रद्द केले, कारण तसा अधिकार कायद्याने दिलेलाच नव्हता. तो अधिकार मिळायला 2009 चा कायदा यावा लागला. विज्ञानाच्या बाजूने केसलर बरोबरच होते. तरी तेरा वर्षं गेली.

म्हणून सांगते, कायदा वाचा. एमडीच्या अभ्यासक्रमात तो चार पानांत उरकतात, तेवढ्याने भागत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940, त्याखालचे 1945 चे नियम, नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम 2019 आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, हे मुळातून वाचा. पहिल्यांदा कंटाळा येईल, दुसऱ्यांदा त्यातली कलमं पेशंटसारखी बोलायला लागतील.

आपल्याकडचं वास्तवही आधीच सांगितलेलं बरं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त बहुतेक वेळा आयएएस असतात, आणि खालची औषधांची फळी जवळपास सगळी फार्मसीतली. औषध निरीक्षकाची भरती एमपीएससीतून होते, केंद्राची यूपीएससीतून. पण 1945 च्या नियमांत निरीक्षकाच्या पात्रतेत फार्मसीच्या शेजारीच क्लिनिकल फार्माकॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टरही लिहिलेला आहे, आणि वरच्या परवाना अधिकाऱ्याच्या पात्रतेतही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी तर वैद्यकीय पदवी चालते. दार उघडं आहे, डॉक्टर त्या बाजूला फिरकत नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. फार्मसीच्या लोकांना गोळी कशी बनते ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण गोळी पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं हे आपण पाहिलेलं असतं, आणि टेबलावर दोन्ही माणसं लागतात.

घरचे विरोध करतील. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे तू पेशंट नाही बघणार?" प्रॅक्टिसइतका पैसा इथे नाही, हेही खरं आहे.

विरोध फक्त घरातून होत नाही. एथिक्स कमिटीत मी नवी असताना एका चाचणीची फाईल आली. गंभीर दुष्परिणाम 24 तासांत कळवायचा असतो, तो 19 दिवसांनी कळवलेला. शिवाय सहा पेशंट 'संपर्क तुटला' या दोन शब्दांवर संपवलेले. मी विचारलं, फोन केला का, घरी कोणी गेलं का? एक ज्येष्ठ सदस्य वैतागले, म्हणाले, अशाने संशोधन बंद पडेल. मी गप्प बसले नाही, पण आवाज कापत होता. पुढच्या बैठकीत सहापैकी दोघं वेगळ्या हॉस्पिटलात दाखल असल्याचं निघालं. नवीन मुलांना एवढंच सांगते की आवाज कापला तरी चालतो, इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या.

एमडी फार्माकॉलॉजी हा सरळ रस्ता आहे. नंतर डीएम क्लिनिकल फार्माकॉलॉजी, मुंबईत केईएमला होतं. मधे जमेल तेव्हा औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत आठवडाभर नुसतं बसा. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल दोन नळ्यांत शेजारी ठेवून बघा. दोन्ही रंगहीन, दाट, गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही, चाचणी केली तरच कळतो. 1986 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूतला दाब उतरवायला दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच निघालं आणि 14 रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळी साखळी उलगडली होती, खरेदीपासून तपासणीपर्यंत. 1937 चं तेच विष, आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधातही तेच. जेजेचं प्रकरण माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईत शिकूनही!

आणि पदवीची वाट न बघता इंटर्नशिपमध्येच एक काम सुरू करता येतं. आपल्या कॉलेजातलं दुष्परिणाम नोंद केंद्र शोधा. नसेल तर राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर 1800-180-3024 आहे. डॉक्टरांचा फॉर्म इंग्रजीत असतो, पण रुग्णांसाठीचा मराठीतही आहे. तो छापून घ्या, राउंड संपल्यावर नातेवाइकांजवळ बसा आणि त्यांच्याकडूनच भरून घ्या. औषधांच्या रकान्यापाशी आलात की पिशवी उघडायला सांगा आणि बॅच नंबरही लिहून घ्या.