बदलत्या हवामानात डासांचा बंदोबस्त कसा आखावा

डासांच्या बंदोबस्ताची वेळ आजवर महिन्यावरून ठरत आली: पाऊस सुरू झाला की लगबग, थंडी पडली की विसावा. हवामान बदलाने हा हिशेब मोडला आहे. म्हणून महिना न पाहता तापमान आणि साचलेले पाणी पाहून काम आखावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी तापमानाचे गणित समजून घ्यावे. हिवतापाच्या रुग्णाला चावलेली ॲनोफिलिस मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी तिच्या शरीरात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोचावे लागतात. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीला त्यासाठी 20 अंश सेल्सिअसला जवळजवळ चार आठवडे लागतात, तर 25 अंशांना बारा-तेरा दिवस पुरतात. बहुतेक माद्या चार आठवडे जगतच नाहीत. थंड प्रदेशांना आजवर हेच मोठे संरक्षण होते आणि तापमानातील दोन-तीन अंशांची वाढ नेमके तेच काढून घेते. इथिओपिया आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागांत उष्ण वर्षी हिवताप अधिक उंचीवरील वस्त्यांपर्यंत चढल्याचे दिसून आले आहे. मात्र उष्णता वाढेल तितका रोग वाढतच जाईल, असेही नाही. पारा दीर्घकाळ 35 अंशांच्या वर राहिला की डासांचे आयुष्य घटते, त्यामुळे अतिउष्ण भागांत धोक्याचा काळ उन्हाळ्याच्या आधी किंवा नंतर सरकू शकतो.

तेव्हा आठवड्याचे सरासरी तापमान वहीत नोंदवत जावे आणि ते 18 अंशांच्या वर टिकू लागले की, महिना कोणताही असो, साप्ताहिक तपासणी सुरू करावी. आठवडाच का, तर उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात.

ही तपासणी वरवरची नसावी. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारी एडिस मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. पिंपात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे: सावली पडताच वळवळत तळाकडे जाणाऱ्या अळ्या लगेच दिसतात, पण कडेची काळी, बारीक अंडी नजरेतून सुटतात. ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढताच फुटतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आतली कड खरखरीत ब्रशने घासून काढावी. पिण्याखेरीज अन्य पाण्याच्या मोठ्या टाक्या रिकाम्या करता येत नसतील, तर त्यांना घट्ट झाकण किंवा बारीक जाळी बसवावी.

दुष्काळात डास कमी होतील, या समजुतीवर विसंबू नये. पाणी टंचाईत लोक ते भांड्यांत साठवतात आणि एडिसला घरातच जागा मिळते. याउलट मुसळधार पावसात अळ्या वाहून जातात. खरी तपासणी पाऊस ओसरल्यानंतरच्या आठवड्यात करावी. टायर, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, तुंबलेली पन्हळ यांपैकी काहीही सोडू नये.

आपल्या भागात हा रोग नसतो, असेही गृहीत धरू नये. 2007 मध्ये ईशान्य इटलीत परदेशातून आलेल्या एका प्रवाशापासून चिकुनगुनियाची साथ दोनशेहून अधिक जणांपर्यंत पोचली, कारण तो विषाणू वाहून नेणारा डास तेथे आधीच स्थिरावला होता. ताप आल्यास डॉक्टरांना अलीकडचा प्रवास आवर्जून सांगावा आणि रक्त तपासून घ्यावे. डेंगीची शंका असेल, तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळून सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच घ्यावे. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा अतिशय थकवा दिसला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. एडिस दिवसा चावते, म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवावे; त्याला चावलेली एक मादी पुढे घरातल्या साऱ्यांपर्यंत पोचू शकते.